दुसऱ्या नंबरचा स्लॉट

मी हट्टी आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कोणी विचारायला नको की बाई, कॉम्प्युटर दुकानात देऊन मोकळी काऊन झाली नाहीस. गोंदियाकडच्या सालेकसात माझा टायपिंगचा वर्ग होता. आधी खडखडणारी मशिनं, मग कॉम्प्युटर. मुली यायच्या, बोटं बसवायच्या, परीक्षा देऊन जायच्या. वर्ग बंद केला तेव्हा सगळं विकलं आणि एक कॉम्प्युटर आणि जुना इन्व्हर्टर तेवढा घरी आणला. त्याच्यावर लोकांचे अर्ज टाइप करून देत होते. त्याचं झाकण मात्र कधी उघडलं नव्हतं. बाहेरून फडकं मारायचं, एवढाच माझा आणि त्याचा संबंध.

उघडायची पाळी आली ती नवऱ्याच्या गळ्यामुळे.

नवरा धानाचा कास्तकार. आवाज असा, की धानाच्या तीन बांध्या ओलांडून ओरडायचा, "चहा आन वं, मास्तरीन," आणि अख्ख्या टोल्याला, सगळ्या वस्तीला कळायचं की आमच्याकडे चहा होऊन राहिला आहे. लग्नाला तीस वर्षं झाली, त्यानं मला कधी नावानं हाक मारली नाही. मास्तरीनच. मला त्याची लाज वाटायची, रागही यायचा, आणि दोन दिवस ऐकू आली नाही तर करमायचंही नाही. यंदा रोवणीच्या दिवसात त्याचा आवाज बसला. आम्ही म्हटलं, चिखलात भिजला म्हणून. दसरा गेला तरी उठला नाही. बिडीही होती, तंबाखूचा खर्राही होता. त्यामुळे नागपूरला नेलं तेव्हा मला आतून माहीतच होतं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. येत्या सोमवारी भरती व्हा.

तो मंगळवार होता. त्याच दवाखान्यात ऑपरेशननंतर बोलणं शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांनी आम्हाला बसवून घेतलं आणि एक पेन ड्राइव्ह दिला. त्यात एक प्रोग्राम होता. तो एकेक वाक्य पडद्यावर दाखवतो, माणसानं ते माइकमध्ये म्हणायचं. दोनशे-अडीचशे वाक्यं झाली की त्यावरून तो त्या माणसाचा आवाज तयार करतो. मग मोबाईलवर काहीही टाइप करा, मोबाईल त्याच आवाजात बोलतो. मी विचारलं, "मग सगळं मोबाईलवरच नाही का होत?" मॅडम म्हणाल्या, "बोलेल मोबाईल. पण आवाज तयार करायला कॉम्प्युटर लागतो, आणि ते ऑपरेशनच्या आधीच झालं पाहिजे. एखादं वाक्य बिघडलं तर परत म्हणायला त्यांच्याजवळ आवाज नको का?"

परतीच्या गाडीत नवऱ्यानं पेन ड्राइव्ह तळहातावर घेऊन उलटापालटा करून पाहिला. घोगऱ्या आवाजात म्हणाला, "एवढुशात माहा आवाज मावते काय वं?"

"तुमचा मावायला पोतं लागते," मी म्हटलं. गाठ किती मोठी, हे डॉक्टरांचं काम. आवाज वाचवायचं काम कोणाचं, हे मी त्या गाडीतच ठरवून टाकलं होतं.

बुधवारी सकाळी पेन ड्राइव्ह लावला. प्रोग्रामनं उघडताच नकार दिला. प्रोसेसर जुना आहे, रॅम कमी आहे, पुढे जाता येणार नाही. नवा कॉम्प्युटर घ्यावा तर धान अजून खळ्यावर होतं आणि हातातला पैसा दवाखान्यासाठी बांधून ठेवला होता. मी मशीनचं झाकण उघडलं, मदरबोर्डवरचा नंबर कागदावर उतरवला आणि दुपारच्या गाडीनं गोंदिया गाठलं.

दुकानदार भला माणूस. नंबर बघून म्हणाला, "मैडम, बोर्ड अच्छा है. इसी पे नया प्रोसेसर बैठ जाएगा. लेकिन ये बोर्ड पुराना है ना, नए प्रोसेसर को पहचानेगा नहीं. पहले बायोस अपडेट करना पड़ेगा. आप छोड़ जाओ, अगले हफ्ते दे दूँगा."

"अगले हफ्ते मेरे किस काम का, भैया," मी म्हटलं. "मुझे बताओ कैसे करते हैं. मैं करूँगी."

त्यानं माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, मग साडीकडे पाहिलं. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं कागद काढला. लिहून दिलं ते असं. आधी जुनाच प्रोसेसर जागेवर ठेवून बायोसची नवी फाइल बोर्डात भरायची, म्हणजे बोर्डाला नव्याची ओळख पटते. ते होईपर्यंत वीज जाता कामा नये, गेली तर बोर्ड कायमचा मेला. मग प्रोसेसर बदलायचा. मग रॅमच्या दोन पट्ट्या, एक दुसऱ्या नंबरच्या स्लॉटमध्ये, एक चौथ्या. प्रोसेसरच्या पोटाखाली केसाएवढ्या बारीक पिना होत्या. एक जरी वाकली तरी गेला, म्हणाला. अर्ज टाइप करून साठवलेल्या पैशात प्रोसेसर आणि रॅम दोन्ही आलं. मी प्रोसेसर डबीसकट माझ्या जेवणाच्या रिकाम्या डब्यात ठेवला आणि सालेकसापर्यंत डबा मांडीवरून खाली ठेवला नाही. शेजारच्या बाईनं दोनदा विचारलं, "काय आहे वो डब्यात?" मी म्हटलं, "नवऱ्याचा जीव." ती खिडकीकडे सरकून बसली.

वीज जाता कामा नये, हे गोंदियात बसून बोलायला ठीक. आमच्याकडे वीज विचारून येत नाही आणि सांगून जात नाही. गुरुवारी सकाळी लाइनमनला फोन लावला. "भाऊ, अर्धा तास लाइन नको घालवू," मी सांगितलं आणि कारणही सांगितलं. तो म्हणाला, "काकू, मी नाई घालवत. पन झाड पडलं तं माहा का जोर?" घरात वर्गातला इन्व्हर्टर होता, त्याची बॅटरी कधीच मेलेली. नवरा उठला, ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली आणि इन्व्हर्टरला जोडली. मग स्वतः दारात उभा राहिला, कोणी आत येऊन वायरला पाय लावू नये म्हणून.

मी फाइल भरायला सुरुवात केली. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत होती. खाली लाल अक्षरात लिहिलं होतं, मशीन बंद करू नका. अर्ध्याच्या थोडी पुढे गेली आणि डोक्यावरचा पंखा थांबला. लाइट गेली. इन्व्हर्टरनं टक् असा आवाज केला आणि पडदा तसाच उजळ राहिला. पट्टी पुढे सरकत राहिली. नवरा दारातून म्हणाला, "माहा ट्रॅक्टर बोलून राहिला आता." पट्टी पूर्ण भरेपर्यंत मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पुढचं मला वाटलं होतं त्याहून सोपं गेलं. मशीन बंद करून प्रोसेसरवरच्या पंख्याचे स्क्रू काढले, कडेची दांडी उचलली, जुना प्रोसेसर अलगद वर आला. नव्याच्या एका कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण, बोर्डावरही तसाच त्रिकोण. कोपऱ्याला कोपरा लावला, तो आपल्या वजनानंच खाली बसला. दांडी पाडली. प्रोसेसर थंड ठेवणारी पेस्ट मटाराएवढी लावली, पंखा बसवला. जुनी रॅमची पट्टी काढून बाजूला ठेवली. तेवढ्यात बाहेरून ट्रॅक्टरची बोंब झाली, कोणाचं तरी धान न्यायचं अडलं होतं. तोवर लाइट परत आली होती, म्हणून नवरा बॅटरी घेऊन निघून गेला.

आता आमच्याकडे एक रीत आहे. ट्रॅक्टर असो, मोटारपंप असो, विळा का असेना, नवी वस्तू टिळा लावल्याशिवाय चालू करायची नाही. मी कुंकवाचा करंडा घेतला, कॅबिनेटच्या कडेला बोट टेकवलं. अक्षतीसाठी तांदूळ बघते तर डबा रिकामा. नवं धान अजून गिरणीत गेलेलं नव्हतं. कोंबड्यांसाठी ठेवलेल्या कनकीचा डबा होता, तुटक्या तांदळाचा. अक्षत अखंड पाहिजे, हे मला माझ्या आईनं सहाव्या वर्षी शिकवलं आहे. पण त्या घडीला मला देवापेक्षा सोमवार जास्त दिसत होता. चिमूटभर कनकी कुंकवात घोळली, हात जोडले आणि उघड्या मशीनवर टाकली. दिसली तेवढी फुंकरून काढली. मग रॅमच्या दोन्ही पट्ट्या दाबून बसवल्या. एक थोडी अडली, मी अंगठ्यांनी जोर दिला, बसली.

बटन दाबलं. पंखा फिरला. पडदा काळा.

बोर्डावर रॅमच्या शेजारी एक पिवळा दिवा लागून राहिला. बोर्डाचं पुस्तक मी जपून ठेवलेलं होतं. त्यात लिहिलं होतं, हा दिवा लागला तर रॅममध्ये दोष आहे. एकच पट्टी दुसऱ्या नंबरच्या स्लॉटमध्ये लावून बघा. बघितली. दिवा. दुसरी पट्टी लावली. दिवा. पट्ट्यांचे सोनेरी दात खोडरबरानं घासले. बोर्डावरचा गोल सेल काढून, दहा मिनिटं थांबून परत घातला. पुस्तकात दाखवलेल्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावून जुनी सगळी सेटिंग पुसली. पिवळा दिवा आपला लागलेलाच. शेवटी जुना प्रोसेसर परत बसवला, जुनी रॅम त्याच दुसऱ्या स्लॉटमध्ये लावली. जे मशीन सकाळी चालत होतं, तेही आता चालेना.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "रैम तो मैंने चला के दी थी, मैडम. बोर्ड गया होगा."

मला रडू यायला पाहिजे होतं. मला राग आला. त्या बोर्डाचा, दुकानदाराचा, बिडीचा, बिडी बनवणाऱ्यांचा, आणि सगळ्यात जास्त त्या माणसाचा, जो बॅटरी लावून परत आला होता आणि मागे उभा राहून माझे हात बघत होता. मी त्याच्यावर ओरडले. म्हटलं, "सांगत होते ना तुम्हाला, सोडा म्हणून? वीस वर्षं सांगून राहिले. तेव्हा कान कुठं गेले होते?"

तो खाली बसला. म्हणाला, "जाऊ दे वं. आवाज नाई तं नाई. हातानं सांगीन. तसं पन तुले माहं बोलनं कोनत्या दिवशी आयकू आलं?"

हे तो मला हसवायला म्हणाला होता. पण त्यानं हात टेकले आहेत, हे मला त्यात स्पष्ट ऐकू आलं, आणि ते मला अजिबात सहन झालं नाही. दोघांपैकी एकानं तरी हट्ट धरायला पाहिजे होता. मी म्हटलं, "हातानं सांगायचं असेल तर भात पण हातानंच शिजवा," आणि उठून गेले. त्या दिवशी आम्ही एकमेकांशी बोललो नाही. तीन दिवसांचा आवाज उरलेला, आणि त्यातला अर्धा दिवस असा गेला. याचं मला आजही वाईट वाटते.

शुक्रवारी सकाळी अंगण झाडता झाडता मला माझा वर्ग आठवला. मशीनवर एखादं अक्षर उमटेना झालं की मुली लगेच म्हणायच्या, बाई, रिबन खराब झाली. मी रिबनला हात लावू द्यायची नाही. शेजारची कळ दाब, म्हणायची. ती उमटली तर रिबन चांगली आहे, अडलंय ते त्या कळीखाली. आणि मी स्वतः काय केलं होतं? पुस्तकात दुसरा नंबर लिहिला म्हणून चारही वेळा पट्टी दुसऱ्याच स्लॉटमध्ये घातली. शिकवणारी बाई स्वतःचं शिकवणं विसरली. झाडू तिथंच टाकला.

नवा प्रोसेसर परत बसवला. एक पट्टी घेतली, पुस्तक बंद केलं आणि पट्टी चौथ्या स्लॉटमध्ये लावली. बटन दाबलं. पिवळा दिवा लागला, दोनदा लुकलुकला आणि विझला. पडद्यावर अक्षरं आली. मी खुर्चीवर बसले. मग म्हटलं, बोर्ड मेला नाही. मेला असेल तर दुसरा स्लॉट.

मशीन बंद केलं, वायर काढली आणि नवऱ्याला हाक मारली. माझ्या चष्म्याला त्या फटीत काही दिसत नव्हतं. तो आला, मोबाईलचा उजेड धरला, डोळा बारीक केला. जन्मभर गिरणीत मूठभर तांदूळ तळहातावर घेऊन पारखणारा माणूस. एका नजरेत म्हणाला, "हे तं कनकी होय."

मी बोर्डाचं पुस्तक उघडून त्यात तोंड खुपसलं.

त्यानं खराट्याची बारीक काडी मोडून आणली आणि हळूच ती बाहेर काढली. तुटक्या तांदळाचा दाणा, एका बाजूनं कुंकवानं लाल. अख्खा तांदूळ त्या फटीत गेलाच नसता. त्यानं दाणा बोटावर धरला, दाण्याकडे पाहिलं, मग कॅबिनेटच्या कडेच्या टिळ्याकडे, मग माझ्याकडे.

"अक्षतीले कनकी कोन वापरते वं, मास्तरीन?"

आणि हसायला लागला. हसता हसता खोकला लागला, डोळ्यांत पाणी आलं, तरी हसतच होता. मी म्हटलं, "हसा. तुमच्यापायीच केलं." पण मलाही हसू आवरेना.

दोन्ही पट्ट्या बसवल्या, दुसऱ्यात आणि चौथ्यात. बायोसमध्ये जाऊन पाहिलं, रॅम पूर्ण दिसत होती पण सावकाश चालत होती. तिचा ठरलेला वेग निवडला, जतन केलं. सेल काढल्यामुळे घड्याळ कुठल्या तरी जुन्याच वर्षात गेलं होतं, ते आजच्या तारखेवर आणलं. प्रोग्रामनं या वेळी नकार दिला नाही. शुक्रवारची दुपार झाली होती.

पहिलं वाक्य पडद्यावर आलं, "कृपया मला थोडे पाणी देता का?" नवऱ्यानं ते वाचलं आणि माइक खाली ठेवला. "मी असा कधी बोललो काय? हे कोनाचं बोलनं आहे?" मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, वाक्यं तुमची घातलीत तरी चालतील, फक्त मोजकी नकोत, भरपूर घाला. मग मी टाइप करायला बसले. तो बोलेल तसं. पानी आन. कोंबडी कोनं सोडली. ट्रॅक्टरची चाबी कुठं ठेवली वं. धानाले पानी लागलं काय. कोन होय तो. उद्या सकारी जाऊन राहिलो. तीस वर्षं ऐकलेलं सगळं बोटांतून आपोआप उतरत होतं, आठवायला थांबावं लागलं नाही. शेजाऱ्यांना गोंगाट नको असा निरोप दिला, तर त्यांनी दोन दिवस दुपारी आपलं धान काढायचं मशीन बंद ठेवलं. तो वाक्य म्हणायचा, घसा शेकायचा, परत म्हणायचा. एखादं बिघडलं की प्रोग्राम लाल खूण करायचा आणि मी म्हणायची, "परत." शंभराव्या वाक्याला तो म्हणाला, "तू मले परीक्षेले बसवलं काय?" मी म्हटलं, "हव. आणि नापास करणार नाही."

रविवारी संध्याकाळी आवाज तयार झाला. मी एक वाक्य टाइप केलं, कॉम्प्युटर बोलला. नवरा ऐकत बसला. म्हणाला, "असाच बोलतो काय मी? भल्ला कर्कश आहे."

"आता कळलं ना," मी म्हटलं. आवाज त्याच्या मोबाईलवर घातला. सोमवारी पहाटे आम्ही नागपूरला निघालो.

ऑपरेशन ठीक झालं. तिसऱ्या दिवशी त्याला वॉर्डात आणलं. गळ्याला भोक, त्यात नळी, नाकात नळी, चेहरा सुजलेला. मी कॉटजवळ उभी राहिले. त्यानं तोंड उघडलं, ओठ हलले, मास्तरीन म्हणाला असेल. काहीही आलं नाही. नुसती हवा नळीतून गेली. डॉक्टरांनी शंभरदा सांगितलं होतं, मला माहीत होतं, तरी मी पलंगाची दांडी घट्ट धरली.

मग मोबाईल त्याच्या हातात दिला. तो एका बोटानं टाइप करत राहिला, एकेक अक्षर शोधत. माझ्या वर्गात असता तर मी त्याला कधीच पास केलं नसतं. किती वेळ लागला. मी मनात म्हणत होते, दुखत असेल, पाणी मागत असेल, घरी ने म्हणत असेल. नर्सही थांबली. त्यानं शेवटी बोलायचं बटन दाबलं, आणि त्या वॉर्डात त्याचा आवाज आला, घोगरा, पण तोच, तीन बांध्या ओलांडून यायचा तो.

"अक्षतीले कनकी कोन वापरते वं, मास्तरीन?"

शेजारच्या कॉटवरचा माणूस वळून बघायला लागला. मी तोंडाला पदर लावला आणि रडले, सगळ्यांसमोर, त्या मंगळवारपासून पहिल्यांदा. तो मोबाईल छातीवर ठेवून माझ्याकडे बघत होता. मग त्यानं परत तेच बटन दाबलं.